खडी गंमतीतली ढोलकी आणि नाटकातलं ऑक्टापॅड

झाडीपट्टीच्या लोककलांवरचा कुठलाही लेख उघडा. बोलीवर चार पानं असतात, कथानकावर तीन, नाच्या आणि गंमत्याच्या विनोदावर दोन. वाद्यं मात्र एका ओळीत उरकलेली. "ढोलकी, तुणतुणं, झांज यांची साथ असते." बस, संपलं. जणू वाद्य म्हणजे मांडवाचा बांबू, असला काय नि नसला काय!

या एका ओळीवर माझा आक्षेप आहे, आणि ही पोस्ट त्याबद्दलच आहे. पण आक्षेप फक्त अभ्यासकांवर नाही. सध्या मंडईत आणि नाटकांत वाद्यांचं जे होतंय, त्यावरही बोलायचं आहे. "जुनं गेलं, नवं आलं, वाईट झालं" असं रडगाणं गायचं नाही. नेमकं काय गेलं ते सांगायचं आहे, कारण बरेचदा आपण भलत्याच गोष्टीसाठी हळहळतो.

ब्लॉगवर नवीन असाल तर थोडक्यात ओळख. मी आंबागडची, तालुका तुमसर. पीएच.डी.चा विषय ताणलेल्या चामड्याची कंपनं. साध्या शब्दांत, ढोलकीवर थाप पडली की पुढे नेमकं काय होतं, याचा अभ्यास.

आधी थोडं आमच्या भागाबद्दल

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. त्यात रात्री कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे नाटक. नाटकांचा हंगाम पुढे होळीपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र गडचिरोलीतलं वडसा, म्हणजे देसाईगंज. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. 2023 मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा कळलं.

खडी गंमत आणि नाटक यांत एक फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. खडी म्हणजे उभी. शाहीर उभा, ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभा, तुणतुणेवाला आणि झीलकरी मागे उभे. नाटकात वादक बसलेले असतात, मंचाच्या समोर, खाली. नटांकडे तोंड, प्रेक्षकांकडे पाठ.

ढोलकीच्या आत काय आहे

एखाद्या गोल चौकटीवर नुसतं चामडं ताणलं आणि थाप मारली, तर त्यातून एकाच वेळी अनेक सूर निघतात. सगळ्यात खालचा सूर 1 धरला तर त्याच्यावरचे साधारण 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा पटींत येतात. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तारेचे सूर 1, 2, 3, 4 अशा पूर्ण पटीत येतात, म्हणून तार गाते. नुसतं चामडं गात नाही, ते फक्त आवाज करतं.

आपल्याकडच्या कारागिरांनी यावर तोडगा काढला. चामड्याच्या मधोमध शाईचा थर चढवायचा. त्या वजनाने खालचे सूर सरकतात आणि पूर्ण पटींच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत यावर एक छोटा लेख 'नेचर'मध्ये छापला आणि 1934 मध्ये पुन्हा सविस्तर लिहिलं. शाई लावलेल्या चामड्याची पहिली नऊ कंपनं मिळून पाचच सूर देतात, आणि ते पाचही एकमेकांशी जुळलेले असतात, असं त्यांनी दाखवलं. चामड्यावर बारीक रेती टाकून, ती कुठे गोळा होते ते बघत, त्यांनी कंपनांचे नकाशे काढले होते. आजही आमच्या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

रामन यांचं काम प्रामुख्याने तबला आणि मृदंग यांच्यावर आहे. ढोलकीची उजवी बाजू त्याच कुळातली, शाईची, सुरात लागणारी. डावीची गोष्ट वेगळी. तिला मसाला आतून लावतात, सूर जड होतो, आणि थाप दिल्यावर हाताने चामडं दाबत नेलं की तो सूर जागचा हलतो. खालून वर घसरत जातो. ढोलकीचा घुमारा म्हणतात तो हाच. शाहिराने ओळ टाकली आणि ढोलकीने नुसता एक घुमारा दिला तरी लोक हसतात. शब्द नाही, सूरही धड एका जागी नाही, तरी "हो का?" असं विचारल्यासारखं वाटतं.

तुणतुण्यालाही यादीतून बाहेर काढू. एका बाजूला चामडं लावलेलं डबड्यासारखं भांडं, बाहेरून बांबूची काठी, काठीच्या खुंटीपासून चामड्याच्या मध्यापर्यंत एक तार. सतारीत तार घोडीवर टेकते. इथे ती चामड्याला सरळ ओढून धरते. त्यामुळे तार डावी-उजवीकडे हलते तसा चामड्यावरचा ताण वाढतो आणि घटतो, आणि तारेच्या एका पूर्ण हेलकाव्यात हा ताण दोनदा वाढतो. म्हणून तारेच्या सुरासोबत त्याच्या दुपटीचा सूरही चामड्यातून जोरात येतो. "तुण तुण" हा कोरडा, टोचरा आवाज ढोलकी-झांजेच्या गदारोळातही शाहिराच्या कानापर्यंत पोचतो, त्यामागे हे एक कारण आहे. एका तारेत षड्ज धरून ठेवायचं काम ते रात्रभर करतं. त्याला "साधं वाद्य" म्हणून सोडून देणारे अभ्यासक त्याच्या शेजारी उभे राहून कधी गायलेले नसावेत.

"परंपरा बिघडली" म्हणणाऱ्यांना

आता नाटकाकडे. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि तबला ही मुख्य साथ. संगीत नाटकाचा हा वारसा. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर असत, त्या काळच्या थाटाची ही आमच्या भागातली आठवण म्हणा. हल्ली त्या जागी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड दिसतं. नाटकांची पोस्टरं जपून ठेवली असतील तर काढून बघा. नटनट्यांचे मोठे फोटो, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत वादकांची नावं. त्या तळाच्या ओळीत ऑर्गन-तबल्याच्या जागी कीबोर्ड-ऑक्टापॅड कधी आलं, ते वर्षावार दिसेल. कुणीतरी ही पोस्टरं गोळा करून त्यावर लिहायला हवं. झाडीपट्टीच्या वाद्यांचा याहून सरळ पुरावा दुसरा नाही.

यावर नेहमीची टीका अशी असते की ऑर्गन हे आपलं आणि कीबोर्ड परकं. हे मला पटत नाही. ऑर्गन आपलं कधीपासून? वाऱ्याने थरथरणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्या ही कल्पना मुळात पूर्व आशियातली. चीनचं शंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य याच तत्त्वावर चालतं. अठराव्या शतकात त्याची माहिती युरोपात पोचली, तिथे प्रयोग झाले, एकोणिसाव्या शतकात हार्मोनियम आणि पायपेटी तयार झाल्या, आणि मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या मागोमाग त्या इकडे आल्या. आल्यावर शिव्याही खाल्ल्या. 1940 पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, कारण त्यात मींड निघत नाही. त्या काळी जे हार्मोनियमबद्दल बोलत होते तेच आज आपण कीबोर्डबद्दल बोलतोय.

हे फक्त आपल्याकडचं नाही. चिनी ऑपेरातल्या गाँगवर ध्वनिशास्त्राचे बरेच निबंध आहेत. पेकिंग ऑपेरातल्या छोट्या गाँगचा सूर टोला पडल्यावर वर चढतो आणि मोठ्याचा खाली उतरतो. आमच्या घुमाऱ्याशी तुलना करायला म्हणून मी ते वाचत होते. तिथून दक्षिणेकडच्या कॅन्टोनीज ऑपेरापर्यंत पोचले. हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगदोंग भागातला हा प्रकार, 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला. देवाच्या उत्सवात बांबूचा तात्पुरता मांडव उभारून खेळ होतात, म्हणजे आपल्या मंडईपासून फार लांबचा नाही. तिथेही वादकांचे दोन गट, एक सुरांचा आणि एक तालाचा. तालाच्या गटाचा म्होरक्या छोट्या, टणक आवाजाच्या ढोलावर असतो आणि नटाची हालचाल बघत सगळ्यांना इशारा देतो.

आणि या "प्राचीन" ऑपेरात 1920 आणि 30 च्या दशकांत चक्क व्हायोलिन आणि सॅक्सोफोन शिरले! त्याच सुमारास लुई मान-सिंग नावाच्या वादकाने दोन तारांच्या चिनी वाद्याला रेशमाऐवजी पोलादी तार लावून त्याचा सूर चढवला. ते गाओहू आज कॅन्टोनीज ऑपेराचं मुख्य वाद्य आहे, परंपरेची खूण म्हणून दाखवलं जातं. जेमतेम शंभर वर्षांची परंपरा.

मग व्हायोलिन तिथे टिकलं कसं? कारण ते गाणाऱ्याच्या मागे जाऊ शकतं. गाणाऱ्याने सूर लांबवला तर तेही लांबवतं, घसरवला तर घसरवतं. परकं असूनही ते ऐकतं. माझी कसोटी हीच आहे. वाद्य कुठून आलं हे बघू नका, ते समोरच्याचं ऐकतं का ते बघा.

पॅडला काय कळतं

या कसोटीवर ऑक्टापॅड घेऊ. आठ चौकोनी पॅड, प्रत्येकात एक साठवलेला आवाज. वादक पॅडवर काठी मारतो तेव्हा यंत्राला साधारण तीन गोष्टी कळतात. कुठला पॅड, केव्हा, आणि किती जोरात. 1983 पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांमध्ये जी मिडी नावाची भाषा चालते, तिच्यात हा जोर 1 ते 127 मधल्या एका आकड्यात मावतो.

ढोलकीला मात्र बरंच काही कळतं. थाप काठावर पडली की मध्यावर, बोटाची की तळव्याची, हात लगेच उचलला की टेकवून ठेवला, दुसऱ्या हाताने तेव्हा डावी किती दाबली होती. एका आकड्यात हे बसत नाही. पॅडमध्ये घुमारा भरून ठेवता येतो, पण तो भरलेला घुमारा. दर वेळी तेवढाच चढणार, तेवढ्याच वेगाने. लोक हसायचे थांबले नसतील अजून, तर तो लांबवता येत नाही.

तरी पॅडवाल्याच्या हातात निदान काठी असते. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे आधीच भरलेला ताल. बटण दाबलं की तो चालू. आता नट त्याच्यामागे धावणार. रडण्याच्या प्रसंगात नटीला दोन क्षण जास्त थांबायचं असतं, समोरच्या बायका पदराला डोळे पुसत असतात, आणि ताल पुढे निघून गेलेला. चांगला ऑर्गनवाला अशा वेळी भाता हलका करून एकच सूर धरून ठेवतो, तिच्या तोंडाकडे बघत. कीबोर्डवरही हे करता येतं, आणि करणारे आहेत. पण दुःखाच्या प्रसंगाला तोच तयार व्हायोलिनांचा आवाज, खलनायक आला की तोच गडगडाट, हे इतक्या नाटकांत सारखं ऐकू येतं की डोळे मिटले तर कुठल्या कंपनीचं नाटक चालू आहे ते कळू नये. माझी टीका यंत्रावर नाही, या आळसावर आहे.

पॅडवाल्यांची बाजूही ऐका

त्यांच्याकडे सबळ कारणं आहेत आणि ती न सांगणं अन्याय होईल.

पहिलं कारण दंव. पूस-माघातली रात्र, आजूबाजूला ओल्या बांध्या. हवेतला ओलावा चामडं शोषतं आणि सैल पडतं. सूर ताणाच्या वर्गमुळावर ठरतो. ताण दहा टक्के उतरला तर सूर सुमारे पाच टक्के उतरतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी पट्टी, काळी एकची पांढरी एक. म्हणून वादक दर थोड्या वेळाने ढोलकी शेकोटीजवळ नेतात. पॅडला दंव लागत नाही.

दुसरं, पट्टी. आज एक गायिका, उद्या दुसरी. कीबोर्डवाला बटण दाबून पट्टी बदलतो. ऑर्गनवाल्याला सगळी बोटं नव्याने बसवावी लागतात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, पैसा. हंगामात कंपनी रोज नव्या गावी असते. ऑर्गन उचलायला दोन माणसं लागतात, कीबोर्ड एकजण पाठीवर नेतो. आणि एक पॅडवाला तबला, ढोलकी, ढोलक, खंजिरी असं सगळं वाजवतो. नाटक आधीच उधारीवर उभं असतं, तिथे तीन माणसांचं मानधन वाचवणाऱ्या मालकाला मी परंपरेवर भाषण देणार नाही.

चौथं कारण कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. भोंगा. लांबट तोंडाच्या लाउडस्पीकरमधून खालचे सूर नीट येतच नाहीत, त्याच्या आकाराचीच ती मर्यादा आहे. वरून टांगलेल्या किंवा समोर ठेवलेल्या एका माइकवर ढोलकी दिली की उजवीची टणटण तेवढी ऐकू येते, डावी गायब. अशी अर्धी ढोलकी ऐकून लोक म्हणतात, "यापेक्षा पॅड भारी वाजतं." वाजणारच. त्याची तार थेट मोठ्या बॉक्सला जोडलेली असते. ढोलकी हरली नाही, तिला अर्ध्या तोंडाने बोलायला लावलं गेलं.

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची जरा ऊबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि फार लांब जातो. आंबागडच्या डोंगरापायथ्याशी राहणाऱ्यांना हे सांगायला नको, कुठल्या गावात काय चालू आहे ते अंगणातून कळतं. पण लांबच्या प्रवासात वरचे सूर हवेतच विरतात. दोन कोसांवरून हल्ली नुसतं धप धप धप ऐकू येतं. गंमत आहे, नाटक आहे की डान्स हंगामा, काही कळत नाही.

ढोलकी अजून कुठे टिकली आहे

आता सुरुवातीचा तो फरक आठवा, उभी गंमत आणि बसलेले वादक. मंडईत "दुय्यम खडी गंमत" असते. दोन पार्ट्या, दोन शाहीर, समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पुराणातला सवाल असेल, नाहीतर धानाच्या भावावरचा टोमणा. समोरचा काय म्हणणार हे आधी माहीत नसतं. शाहीर उत्तर जुळवत असतो तेव्हा ढोलकी त्याला वेळ काढून देते. दोन आवर्तनं जास्त घेते, त्याच्या मानेकडे बघत राहते, त्याला ओळ सापडली की थाप देऊन मोकळी होते. झीलकरी तिथून ओळ उचलतात. काही पार्ट्यांत आता पेटी, बेंजो, कीबोर्डही दिसतो. पण ढोलकी काढून भरलेल्या तालावर दुय्यम करता येणार नाही. कारण पुढचं वाक्य अजून कुणी लिहिलेलंच नाही.

यावरून मला एक गोष्ट दिसते आणि तीच या पोस्टचं सार आहे. जिथे खेळ आधीपासून पक्का ठरलेला असतो, तिथे यंत्र शिरतं. जिथे समोरच्याला उत्तर द्यायचं असतं, तिथे हात टिकतो. नाटकातून तबला आणि ऑर्गन जात असतील तर प्रश्न फक्त वाद्यांचा नाही. नाटकातली उत्तर देण्याची जागा कमी झाली आहे का, असा तो प्रश्न आहे. नट रोज तेच तेवढ्याच वेळात बोलत असेल, तर भरलेला ताल पुरेसाच आहे. मग वादकाला काढलं म्हणून दुःख कशाला? त्याच्याआधी नटाचं थांबणं गेलेलं असतं.

आणि उलटंही खरं. दुय्यम बंद पडली तर ढोलकी संग्रहालयात ठेवून वाचणार नाही. सरकारी महोत्सवात शाहिराला दहा मिनिटं देतात, समोर दुसरी पार्टी नसते. तिथे ढोलकी वाजते खरी, पण एकटीच बोलत असते.

मग करायचं काय

मोठमोठ्या मागण्या करत नाही. मंडईच्या समितीने दुय्यम ठेवावी, एकाच पार्टीचा "कार्यक्रम" नको. आवाजवाल्याला सांगावं की ढोलकीला दोन माइक द्या, डावीला एक, उजवीला एक, आणि ती भोंग्याला न जोडता बॉक्सला जोडा. त्याला जास्तीचा खर्च एका माइकचा. नाटक कंपन्यांनी पॅड ठेवावं, पण निदान रडण्याच्या आणि विनोदाच्या प्रसंगांना भरलेला ताल बंद ठेवून हाताने वाजवू द्यावं. पोस्टरवर वादकांची नावं वाचता येतील एवढी मोठी छापावी.

अभ्यासकांना एवढंच, पुढच्या लेखात "ढोलकी, तुणतुणं, झांज यांची साथ असते" असं लिहाल तेव्हा तिथे थांबू नका. कोण कोणाकडे बघून वाजवतो ते लिहा.

वाचकांना एक काम. येत्या मंडईत तुमच्या गावी दुय्यम असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी ढोलकीवाल्याची परवानगी घ्या, आणि फोन हातभर अंतरावर धरून उजवीची एक थाप, डावीची एक थाप, आणि एक घुमारा रेकॉर्ड करा. प्रत्येकानंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. शेकोटीवर तापवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा केलंत तर फारच उत्तम. गावाचं आणि वादकाचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, सोबत लिहा. दंवाने सूर किती उतरतो ते आपण या रेकॉर्डिंगमधूनच मोजू, आणि जे निघेल ते पुढच्या पोस्टमध्ये आकड्यांसह मांडेन.